दरमहा मिळणारी रक्कम आणि घरातले निर्णय

प्रश्न : गरीब ग्रामीण कुटुंबाला दरमहा थेट पैसे दिले, तर ते व्यसनात उडून जाणार नाहीत का?

उत्तर : ही भीती सगळीकडे बोलून दाखवली जाते, पण केनियातील ग्रामीण कुटुंबांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारू-तंबाखूवरील खर्च वाढल्याचे आढळले नाही. तिथे एकरकमी पैसे मिळालेल्यांचा कल टिकाऊ वस्तूंकडे राहिला, तर दरमहा मिळणाऱ्यांच्या घरी पोटभर जेवणाची शाश्वती अधिक वाढली. माझ्या मते नियमितपणाचे मोल रकमेइतकेच आहे : ठरलेल्या दिवशी पैसे येणार हे ठाऊक असले, की मूल तापाने फणफणले असताना सावकाराकडे धावावे लागत नाही आणि ऐन पेरणीच्या तोंडावर शेळी पडत्या भावात विकावी लागत नाही. हप्ता लांबला, तर मात्र हेच कुटुंब पुन्हा उधारीवर किराणा आणू लागते.