लोकसाहित्याचा अभ्यास घेऊन तार्तूला यायचं म्हणताय, तर…

तुमचा प्रश्न नीट वाचला. पुण्यात मराठीत एम.ए., मुळशीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण, कॉलेजात तासिका तत्त्वावर नोकरी, आणि आता एस्टोनियात तार्तू विद्यापीठात मास्टर्स करायचा विचार. तिथे आपल्या विषयाला काम मिळतं का, माणसं मिळतात का, की त्यापेक्षा अमेरिका बरी, असं तुम्ही विचारलंय. मी मूळची कोथरूडची, आता तार्तूत राहते आणि याच विषयात काम करते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. जरूर या, पण मुळशीचं काम अर्धवट टाकून येऊ नका. इथे तुमची किंमत ठरणार आहे ती त्याच कामावर.

एस्टोनिया हा उत्तर युरोपातला जेमतेम पावणेचौदा लाख लोकांचा देश. १८८८ साली याकोब हुर्ट नावाच्या पाद्र्यानं वर्तमानपत्रांतून आवाहन केलं, की आपापल्या गावातली गाणी, गोष्टी, चालीरीती लिहून पाठवा. शेतकरी, शाळामास्तर अशा चौदाशेच्या आसपास लोकांनी मिळून एक लाखाहून जास्त पानं पाठवली. १९२७ मध्ये तार्तूत लोकसाहित्याचं अभिलेखागार उभं राहिलं. आज ते एस्टोनियन साहित्य संग्रहालयाचा भाग आहे आणि त्यातला पुष्कळ ऐवज 'किविके' या त्यांच्या डिजिटल भांडारात घरबसल्या पाहता येतो. आपल्याकडे लोकसाहित्य म्हणजे बहुतेक ठिकाणी मराठी विभागातला एक ऐच्छिक पेपर. इथे ती देशाच्या ओळखीचीच गोष्ट आहे, आणि हा फरक रोज जाणवतो.

अभिलेखागारात एखादं गाणं मागितलं की त्याच्यासोबत गाणारीचं नाव, गाव, ती कोणाकडून शिकली, कोणी आणि कुठल्या साली टिपून घेतलं, हे सगळं येतं. तुम्ही लिहिलंय की तुमच्या फायलींची नावं 'बाई १', 'जातं नवीन' अशी आहेत. ते निघण्याआधी दुरुस्त करा. प्रत्येक बाईचं नाव, वय, सासर आणि माहेर दोन्ही गावं लिहा. ओवी माहेरी आईच्या, आजीच्या मांडीला मांडी लावून शिकलेली असते आणि सासरी तिच्यात नवी भर पडते. त्यामुळे एकच गाव लिहिलं तर निम्मी गोष्ट हरवते. ओवी म्हणताना ती खरंच दळत होती की तुमच्यासाठी नुसती म्हणून दाखवत होती, हेही नोंदवा, कारण त्यानं लय बदलते. शिवाय परवानगी. हा आवाज परदेशातल्या वर्गात ऐकवला जाईल, कदाचित इंटरनेटवर जाईल, हे तिला तिच्या भाषेत समजावून सांगा आणि तिचा होकार मुद्रित करून ठेवा. इथे पहिल्याच सत्रात हे विचारतात, आणि विचारायलाच हवं.

यासाठी नमुना शोधायला लांब जायला नको. गी पॉटव्हॅं आणि हेमा राईरकर या संशोधकांनी पुण्यात बसून, मावळ-मुळशीतल्या गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांना बरोबर घेऊन, एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. 'पारी' ही ग्रामीण भारतावरची वेबसाइट २०१७ पासून त्या प्रसिद्ध करते आहे. त्यांची मांडणी बारकाईनं पाहा. आधी काय झालंय आणि माझं वेगळं काय, हे तुमच्या अर्जात आलंच पाहिजे.

आता नोकरीचं. मास्टर्स दोन वर्षांचं आणि इंग्रजीतून आहे, पण विद्यापीठाबाहेर पाऊल टाकलं की एस्टोनियन लागते. संग्रहालयं, गावोगावची वारसा केंद्रं, सांस्कृतिक संस्था, सगळीकडे तीच. आणि ती अवघडच आहे, चौदा विभक्ती आहेत. भाषा न शिकता दोन-तीन वर्षं काढलेल्यांना शेवटी आयटीत किंवा हॉटेलात काम शोधताना मी पाहिलंय. भाषेचा वर्ग पहिल्या सत्रापासून लावा, अभ्यासाचा ताण आहे म्हणून पुढे ढकलू नका.

इंग्रजीवर निभावणारा रस्ता म्हणजे संशोधन. २०२२ पासून इथे पीएच.डी. करणाऱ्याला बहुतेक वेळा कनिष्ठ संशोधक म्हणून पगारी नेमणूक मिळते. तासिका तत्त्वावर दिवस काढलेल्या माणसाला याचं मोल मी सांगायला नको. जागा मात्र मोजक्या असतात आणि अर्ज जगभरातून येतात. तिथेच तुमच्या मुळशीच्या फायली कामाला येतील. एस्टोनियन गाण्यांवर इथल्या माणसाहून तुम्ही जास्त काय सांगणार? ओव्यांवर सांगू शकाल.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. आपल्या विषयाचा विस्तार तिथे मोठा आहे. ब्लूमिंग्टनचं इंडियाना विद्यापीठ, वॉशिंग्टनमध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसचं लोकजीवन केंद्र, अनेक राज्यांत सरकारी लोकसाहित्य अधिकारी. पण २०२५ मध्ये कला आणि मानव्यविद्यांची बरीच केंद्रीय अनुदानं मध्येच रद्द झाली, आणि अशी पुष्कळ कामं त्याच पैशावर चालतात. आपला विषय विज्ञान-तंत्रज्ञानात मोडत नसल्यानं शिक्षणानंतर कामाची मुभाही साधारण एकच वर्ष. घरातून मोठं कर्ज काढून तिकडे जा, असं मी आज कुणालाही म्हणणार नाही.

माणसांचं विचारलंत. तार्तू लाखाच्या आतबाहेर वस्तीचं गाव आहे. महाराष्ट्र मंडळ, मराठी शाळा असलं काही धरून चालू नका. भारतीय विद्यार्थी आहेत, दिवाळीला एकत्र जेवण होतं, आम्ही थोडी मराठी मंडळी घरच्या घरी गणपती बसवतो. डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तास. त्या दिवसांत घरात कोंडून घेतलंत तर फार जड जाईल.

म्हणून गाणाऱ्यांत जा. या देशाचा पहिला गीतमहोत्सव १८६९ मध्ये तार्तूतच झाला, आणि अजूनही दर दुसऱ्या ओळखीचा माणूस कुठल्या ना कुठल्या गायनवृंदात असतो. आवाज बेताचा असला तरी नव्या माणसाला घेणारे वृंद आहेत. आणि उन्हाळ्यात आग्नेयेला सेतो लोकांच्या गावांत जा. तिथल्या बायकांचं 'लेलो' गाणं २००९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. एकजण ओळ टाकते, ती संपता संपता बाकीच्या शेवटच्या अक्षरांवर तिला गाठतात आणि तीच ओळ पुन्हा उचलतात. त्या सगळ्यांच्या वर एकटा बारीक, धारदार आवाज चालतो, त्याला 'किल्लो' म्हणतात. पोवाड्यातले झीलकरी ऐकत वाढलेल्या कानाला त्यात पटकन वाट सापडते. गाणं झालं की त्या तुम्हाला तुमचं म्हणायला सांगतात. मी ओव्या म्हटल्या होत्या, आणि पुढच्या कडव्याला त्यांनी आपणहून मागे सूर धरला. इथली माझी बहुतेक मैत्री अशीच जमली.

अर्ज साधारण जानेवारी ते मार्चमध्ये घेतात, वर्ग सप्टेंबरात सुरू होतात. फीमाफीच्या जागा आणि रक्कम दरवर्षी बदलते, विद्यापीठाच्या साइटवरच पाहा, एजंटाला पैसे देऊ नका. दूतावास दिल्लीला आहे, तो खर्च आणि वेळ हिशेबात धरा.

मुळशीत भात झोडून झाला की बायकांना जरा उसंत मिळते, म्हणजे अर्ज सुरू होण्याच्या आधीचे दिवस तुमच्या हाताशी आहेत. तेव्हा जाऊन नावं, गावं, परवानग्या पूर्ण करून घ्या. यादी तयार झाली की मला पाठवा, अर्जात कुठल्या ओव्या घ्यायच्या ते आपण मिळून ठरवू.