आमची आजी कुत्र्याला रोज आमटी-भात घालते, अजून काही झालेलं नाही. माणसांच्या जेवणातलं कुत्र्यांना खरंच काही बाधतं का?

भात बाधत नाही, आमटी बाधू शकते. आणि 'अजून काही झालेलं नाही' हे मीही दोन वर्षं म्हणत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं गाव तासगावकडचं. द्राक्षाच्या बागा, बेदाण्याची शेड, घरात बेदाणा किलोच्या हिशेबात. बागेवरची कुत्री खाली पडलेले मणी मजेत खायची, आणि त्यातलं एकही द्राक्षं खाऊन गेल्याचं कधी कानावर आलं नाही. त्यामुळे पुण्यात बंड्याला (देशी, 14 किलो) पहिली लस देताना डॉक्टरांनी 'द्राक्ष, मनुका, बेदाणा अजिबात नाही' असं बजावलं, तेव्हा मी मान डोलावली आणि मनात हसले.

मग घरी सत्यनारायण झाला. शिऱ्यात अर्थातच गावचा बेदाणा, सढळ हाताने. आजीने द्रोणभर शिरा बंड्यापुढे ठेवला, "त्यालाबी प्रसाद नको व्हय?" मी पोचेपर्यंत द्रोणसुद्धा अर्धा खाऊन झाला होता. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता घेऊन या. तासाभरात इंजेक्शन देऊन उलटी करवली. कुत्री चावत बसत नाहीत, गिळतात. तुपात फुगलेले बेदाणे जसेच्या तसे बाहेर आले. मी मोजले, तेवीस. पुढे दोन दिवस सलाइन आणि किडनीसाठी रोज रक्ततपासणी. क्रिएटिनिन वाढलं नाही, सुटलो.

मग बागेवरची कुत्री कशी वाचली? मीही डॉक्टरांना हेच विचारलं. द्राक्षात नेमकं काय बाधतं हे बरीच वर्षं कुणालाच उमगलं नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या एएसपीसीएच्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती पावडर, याच आम्लाचा क्षार) घालून घरी मळलेला मुलांच्या खेळातला पिठाचा गोळा एका कुत्र्याने खाल्ला आणि त्याची किडनी थेट द्राक्षं खाल्ल्यासारखी बिघडली, तिथून हा धागा लागला. हे आम्ल द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे कमी-जास्त असतं, शिवाय प्रत्येक कुत्र्याची सोसायची ताकद वेगळी. एकाला मूठभर पचतात, दुसऱ्याची किडनी थोड्याशानेही जाते. वाळवल्यावर तर सगळंच आटून एकवटतं. म्हणून 'इतके चालतात' असा आकडा कोणी देत नाही.

आता तुमच्या आमटीकडे येते. चिंचेचा आंबटपणा याच टार्टारिक आम्लाचा, आणि चिंच खाऊन कुत्र्यांची किडनी बिघडल्याच्या नोंदी आहेत. आमटीत ती थोडी असते हे खरं, पण सोबत कांदा-लसूणही असतो. त्यातल्या गंधकाच्या संयुगांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या किलोमागे 15 ग्रॅम कांदा त्रासाला पुरतो, लसूण त्याहून बराच कमी लागतो. शिजवून, तळून, वाळवून काही फरक पडत नाही, म्हणजे कांदा-लसूण मसालाही त्यातच आला. रोज थोडं थोडं गेलं तरी साचत जातं. लक्षणं लगेच दिसत नाहीत. तीन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी काळसर चहासारखी होते, आणि तोवर कांद्याची कुणाला आठवणही नसते.

उपाय सोपा आहे. कुकर उघडल्यावर मीठ-फोडणी पडायच्या आधी त्याची वाटीभर डाळ बाजूला काढा. भात, भाकरी, उकडलेलं अंडं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन चालतं. आमच्याकडे आता हे काम आजीनेच अंगावर घेतलंय, मला हातही लावू देत नाही.

बाकीचं थोडक्यात. चॉकलेट जितकं काळं आणि कडू तितकं वाईट, कोको पावडर सर्वांत वाईट. शुगर-फ्री च्युइंगम आणि काही टूथपेस्टमधल्या झायलिटॉलने (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) अर्ध्या तासात रक्तातली साखर धाडकन खाली येऊ शकते. मटणाची शिजलेली हाडं टोकदार तुकडे होऊन आतड्यात रुततात (आमच्या घरात यावरून अजूनही वाद आहे, 'पूर्वी काय करत होते?'). आंब्याची कोय आणि मक्याचं बुरकुंड विषारी नाही, पण अडकलं तर ऑपरेशनच.

चुकून काही खाल्लंच तर उलटी होण्याची वाट पाहू नका आणि घरी मिठाचं पाणी तर मुळीच पाजू नका, त्याने मिठाचीच विषबाधा होते. फोनवर डॉक्टरांना चार गोष्टी सांगा: कुत्र्याचं वजन, काय खाल्लं, अंदाजे किती आणि किती वाजता. वेष्टन असेल तर सोबत न्या. पहिल्या दोन तासांत पोचलात तर पोटातलं बरंचसं बाहेर काढता येतं.