दाण्याच्या भांड्याभोवतीची गर्दी

या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला निम्म्याहून जास्त जागा गेली आहे, कारण ते थांबण्यासारखं नव्हतं.

प्रश्न : ताई, दोन वर्षं मी अंगणात दाण्याचं आणि पाण्याचं भांडं ठेवते. चिमण्या, होले, पारवे, मुनिया येतात. आठवडाभर झाला, एक होला पिसं फुगवून तासन्‌तास भांड्यातच बसून असतो. दाणा उचलतो, पुन्हा टाकतो. मी दोन हातांवर गेले तरी उडत नाही. त्याला माझी सवय झाली असेल का? शेजारच्या काकू म्हणतात, तो आजारी आहे, दाणे बंद कर. पण मग बाकीचे उपाशी नाही का मरणार?

उत्तर : काकूंचं बरोबर आहे. आधी भांडं उतरवा, मग पुढचं वाचा.

‘सवय झाली असेल’ हे वाचून मी जरा थांबले. माझ्याही भांड्याशी असाच एक होला यायचा. आमची ओळख जमली असं मी घरभर सांगत होते, जवळून फोटोसुद्धा काढले. गुबगुबीत दिसत होता अगदी. तिसऱ्या दिवशी तो भांड्याखाली मेलेला सापडला आणि त्या आठवड्यात त्याच्यामागे आणखी तीन. तेव्हा कळलं की रानातला पक्षी अचानक माणसाळतो, तो बहुतेकदा उडायचं त्राण उरलेलं नसतं म्हणून. आणि गुबगुबीत दिसतो तो अंगातली ऊब टिकवायला पिसं फुलवलेली असतात म्हणून. ते फोटो मी अजून ठेवलेत. नवीन कोणी भांडं टांगायचं म्हणालं की दाखवते.

तुमच्या पत्रातली मोलाची गोष्ट म्हणजे ‘दाणा उचलतो, पुन्हा टाकतो’. होले-पारव्यांच्या घशात ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी राहतो. तो बळावला की घशात पिवळट गाठी होतात आणि दाणा खाली उतरत नाही. पक्षी भुकेला असतो, म्हणून पुन्हा पुन्हा उचलतो. चोचीतून पडलेला तो दाणा लाळेनं ओला असतो आणि पुढच्या मिनिटाला तोच चिमणी टिपते. ससाणे पाळणाऱ्यांना हा रोग शेकडो वर्षं ठाऊक आहे, कारण कबुतर खाल्लेल्या ससाण्यालाही तो होतो. ब्रिटनमध्ये 2005 पासून तो बागेतल्या फिंच या चिमणीएवढ्या, दाणे खाणाऱ्या पक्ष्यांत दिसायला लागला. तिथला नेहमीचा ग्रीनफिंच इतका घटला की 2021 मध्ये त्याचं नाव चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत गेलं.

तुमच्या होल्याला हेच झालंय असं मी इथे बसून सांगू शकत नाही. साल्मोनेला या जिवाणूची लागण झालेला पक्षीही असाच फुगून, डोळे अर्धे मिटून बसतो. तो रोग विष्ठेतून पसरतो आणि माणसालाही होऊ शकतो. मात्र दोन्हींत आपल्याला करायचं ते एकच, गर्दी मोडायची. एरवी हे पक्षी चार दिशांना पांगून चरतात. एका वीतभर भांड्यात त्यांना रोज खांद्याला खांदा लावून आपणच बसवतो, त्याच जागी ते विष्ठा टाकतात, त्याच पाण्यात चोच बुडवतात.

तेव्हा दाणा आणि पाणी दोन्ही निदान दोन आठवडे बंद. भांड्याखालची टरफलं आणि विष्ठा आधी थोडी ओली करून गोळा करा, कोरडीच झाडली तर धूळ नाकात जाते. हातमोजे घाला. भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका, बाहेर धुवा. गरम पाणी आणि साबणानं घासून सगळी घाण काढल्यावर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटं बुडवा. घाण तशीच ठेवून ब्लीच ओतलं तर ते घाणीवरच खर्च होतं. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. नंतर खळखळून धुवा आणि कडकडीत वाळवा. वाळवायचा कंटाळा करू नका, कारण ट्रायकोमोनासला ओल लागते, कोरड्यात तो तगत नाही. लाकडी भांड्याच्या भेगांत ओल धरून राहते. तसं असेल तर सरळ टाकून द्या.

पाण्यात औषध घालायचा मोह होईल, तेवढा आवरा. कोणता पक्षी किती पिणार हे आपल्या हातात नसतं.

आता उपासमारीचं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये चिकडी या चिमणीहून लहान पक्ष्यांवर एक अभ्यास झाला. पंचवीस वर्षं जिथे दाणे मिळत होते तिथून ते काढून घेतले, आणि कधीच दाणे न मिळालेल्या रानातल्या चिकडींशी तुलना केली. हिवाळा काढून जगण्याच्या प्रमाणात दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. पक्षी आपल्या भांड्याकडे येता-जाता डोकावतात, संसार त्यांचा दुसरीकडेच चाललेला असतो. हे ऐकून मला जरा वाईटच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू!

पुन्हा सुरू कराल तेव्हा दिवसभरात संपेल एवढाच दाणा घाला. पाणी रोज बदला आणि दर दोन आठवड्यांनी वरची सगळी धुलाई करा, पाऊसपाण्याच्या दिवसांत त्याहून लवकर. कुबट वास येणारं धान्य घालू नका, बुरशीचं विष पाखरांनाही बाधतं. एका मोठ्या भांड्याऐवजी लांब लांब दोन-तीन छोटी ठेवा. होला मेलाच तर उघड्या हातानं उचलू नका. आणि एकदम बरेच पक्षी मेलेले दिसले तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा, तिथे घरगुती उपाय नकोत.

प्रश्न : मी पक्षिनिरीक्षणाच्या फेरीला जाऊ लागलोय. सगळे ‘तो बघ, तो बघ’ म्हणतात आणि मी दुर्बीण लावेपर्यंत पक्षी गेलेला असतो. चार फेऱ्यांत माझ्या वहीत सात नावं. महागडी दुर्बीण घेऊ का?

उत्तर : नको. 8×42 ची साधी दुर्बीण भरपूर झाली. 8 म्हणजे किती पट मोठं दिसणार, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बारापटीच्या मागे लागलात तर हाताची थरथरही बारापट दिसते.

तुमचं चुकतंय ते बहुधा एवढंच, की तुम्ही दुर्बिणीतून पक्षी शोधता. आधी नुसत्या डोळ्यांनी शोधा. नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणा, मान खाली घालून दुर्बिणीकडे पाहिलंत की तो हरवलाच. घरी गच्चीवर एखाद्या खांबावर पन्नास वेळा सराव करा. आणि ‘तो बघ’ म्हणणाऱ्यांना सांगा की झाड घड्याळ समजा आणि किती वाजता बसलाय ते बोला.

सात नावं मला कमी वाटत नाहीत. पुढच्या फेरीत त्यातलाच एक पक्षी वीस मिनिटं बघा. चोचीचा आकार, शेपटी कशी हलवतो, फांदीवर किती वेळ टिकतो, एवढंच. आकार मोजायला चिमणी, साळुंकी आणि कावळा या तीन पट्ट्या पुरतात. धडधाकट होला कसा बसतो हे असं बघून ठेवलं असतं तर माझ्या भांड्यातला होला मला पहिल्याच दिवशी खटकला असता.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणारे फेरीत भेटतील. विणीच्या दिवसांत तर ते अजिबात करू नका. नर आपल्या हद्दीत दुसरा आला समजून घरटं सोडून भांडायला येतो. नोंदी ठेवायच्या तर 2002 पासून चालू असलेलं ईबर्ड हे पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ आहे. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना होते, तिला निदान पंधरा मिनिटांचं निरीक्षण लागतं आणि ते स्वतःच्या खिडकीतूनही चालतं.

प्रश्न : दाण्याचं भांडं खिडकीपासून चार मीटरवर आहे. बुलबुल काचेवर आपटतात. ससाण्याचं चित्र चिकटवलं, उपयोग नाही.

उत्तर : चार मीटर हे नेमकं वाईट अंतर. पक्षी दचकून उडतो तेव्हा काचेपाशी पूर्ण वेगात पोचतो. भांडं एक मीटरच्या आत आणा, नाहीतर दहा मीटरच्या पलीकडे न्या. एकट्या ससाण्याला कोणी भीत नाही, त्याच्या बाजूनं उडून पुन्हा काचेवरच येतात. ठिपके हवेत, काचेच्या बाहेरच्या अंगाला, पाच-पाच सेंटीमीटरवर, पूर्ण काचभर.

आपटून पडलेल्याला झाकणाच्या, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात आणि शांत जागी ठेवा. पाणी पाजू नका, दाणा भरवू नका. तास-दोन तासांनी खोकं बाहेर नेऊन उघडा, उडाला नाही तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. बाहेरच उघडा, हं. मी एकदा हॉलमध्ये झाकण काढलं होतं. तो बुलबुल पडद्याच्या दांडीवरून उतरेपर्यंत चार वाजले आणि आमची जेवणं व्हायची होती.