मुलीला कोडिंगचा क्लास लावू का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बीकॉम, मग इथेच इंदूरला देवी अहिल्या विद्यापीठातून एमबीए, सहा महिन्यांपासून सुपर कॉरिडॉरवरच्या सॉफ्टवेअर कंपनीत असिस्टंट प्रोजेक्ट मॅनेजर, आणि मीटिंगमधे पोरं एपीआय, लोड बॅलन्सर, डिप्लॉयमेंट असलं बोलायला लागली की ती नुसती मान डोलावते नि घरी येऊन रडते. आता ८० हजार भरून फुल स्टॅकचा, म्हणजे वेबसाइटची पुढची-मागची सगळी बाजू लिहायला शिकवणारा क्लास लावू का, असं तुम्ही विचारताय.

माझं मत, नका लावू. आत्ता तरी नको. तिला कोड लिहायचाच नाहीये, लिहिणाऱ्यांकडून तारीख घ्यायचीये आणि ती तारीख खरी की थाप एवढं कळायला हवंय.

पूर्वीची बँक आठवा. दारात शिपाई, तो सांगणार तीन नंबरच्या खिडकीवर जा. खिडकीत क्लार्क, नियम त्याला पाठ, पण तुमची शिल्लक मात्र लेजरमधे. मोठ्या कंपनीचं वेब अ‍ॅप्लिकेशन बरंचसं असंच चालतं, शिपाई म्हणजे लोड बॅलन्सर, क्लार्क म्हणजे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर, लेजर म्हणजे डेटाबेस, आणि दुसऱ्या बँकेकडून माहिती मागवायचा ठरलेला फॉर्म म्हणजे एपीआय. आता साइट स्लो झाली की मॅनेजर लोक लगेच म्हणतात सर्व्हर वाढवा. अहो, खिडक्या ४ च्या १० केल्या आणि लेजर एकच राहिलं तर दहाही क्लार्क त्याच लेजरपाशी ताटकळणार ना, पैसे गेले आणि रांग तिथेच! म्हणून तिने विचारावं, वेळ नक्की कुठे जातोय, खिडकीवर की लेजरपाशी? बरेचदा एखाद्या क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, इंडेक्सच (पुस्तकामागे असते तशी सूची) नसतो, एवढंच निघतं.

मी पण आयटीत असताना असंच न विचारता तारीख देऊन बसलेय. क्लायंटला सांगून बसले, एक बटनच तर आहे, दोन दिवसात देतो. त्या बटनापायी डेटाबेसमधे नवा कॉलम, जुन्या सगळ्या नोंदी भरणं, तीन दुसऱ्या सिस्टिमचे एपीआय बदलणं, महिना गेला. टीम माझ्याशी धड बोलत नव्हती.

अजून एक, क्लायंट ९९.९ टक्के अपटाइम, म्हणजे सिस्टिम चालू असण्याचा वेळ, मागतो तेव्हा वर्षाला साधारण ८ तास ४५ मिनिटं बंद चालतं, ९९.९९ म्हटलं की फक्त ५२ मिनिटं. कागदावर एक नऊ वाढतो, पण त्यासाठी प्रत्येक गोष्टीची जोडी ठेवावी लागते नि रात्री जागणारा माणूस लागतो. मॅनेजरने हो म्हणायच्या आधी हे कळायला हवं.

भाषा नि फ्रेमवर्कच्या (म्हणजे कोड लिहायच्या तयार सांगाड्यांच्या) नावांना घाबरायचं नाही. जावा ही भाषा १९९५ पासून आहे, रिअ‍ॅक्ट २०१३ मधे आलं, अँगुलरजेएसचा सपोर्ट २०२१ संपताना बंद पण झाला. तिने फक्त विचारावं, आपण वापरतोय त्याचा सपोर्ट कधीपर्यंत आहे?

करायचं काय, तर आपल्याच प्रोजेक्टची एक स्क्रीन घ्यायची, बटन दाबल्यापासून उत्तर येईपर्यंत रिक्वेस्ट कुठून कुठे जाते ते कागदावर काढायचं आणि एखाद्या सिनियर डेव्हलपरला पोहे-चहा पाजून तपासून घ्यायचं. पोरं आनंदाने सांगतात हो, त्यांना कोणी विचारतच नाही. शिवाय थोडं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, जॉइनपर्यंत (दोन तक्ते जोडून माहिती काढणं), ते फुकटात शिकता येतं.

आणि क्लासला अ‍ॅडव्हान्स दिला असेल तर रिफंडचं आजच विचारा, बॅच सुरू झाली की मग टाळाटाळ करतात.