सासूबाईंना लघवी आवरत नाही, सकाळी डायपर भरलेला आणि कातडी लाल असते. सकाळचं कसं जमवावं?

जाग आल्या आल्या आधी कमोडवर बसवा, बाकी सगळं नंतर. चहा-नाश्त्यानंतर वीसेक मिनिटांनी पुन्हा बसवा. पोटात काही गेलं की आतडी हलतात, शौचही बहुधा तेव्हाच उरकतं. धुताना कोमट पाणी, हात पुढून मागे. दरवेळी साबण नको. टिपून कोरडं करा, मग झिंक ऑक्साइडचं मलम, पातळच. पावडर थापायची आपल्याकडे भारी हौस, पण ओलाव्यात तिच्या गुठळ्या होतात आणि कातडी घासली जाते. लघवी वाढवणारी गोळी सकाळी असेल तर पुढचे दोन-तीन तास बाहेरची कामं ठेवू नका. पाणी मात्र तोडू नका, घट्ट लघवीनं घाई उलट वाढते. त्रास अचानक वाढला, ताप आला किंवा त्या असंबद्ध बोलू लागल्या तर लगेच डॉक्टरांना दाखवून लघवी तपासून घ्या.