कंद कुठे निघतात, ते तिला विचार

नागपूर

प्रिय बेटा,

गडचिरोलीतल्या गावाच्या सामूहिक वनहक्क दाव्यावर काम करायला जाणार आहेस, तर वनहक्क कायद्याच्या नियमांतला नियम १३ आधी वाच, २०१२ च्या दुरुस्तीसकट. पुरावा म्हणून त्यात काय चालतं बघ: कंदमुळं, चारा, रानफळं गोळा करायच्या जागा, पाण्याचे झरे, वैदूंच्या झाडपाल्याच्या जागा. म्हणजे बाळंतिणीचं, आजाऱ्याचं, भुकेल्या पोरांचं करताना बायांनी जे जंगल पायाखाली घातलं, तोच कायद्याने पुरावा. वनखात्याच्या नकाशात जंगलाच्या तुकड्यांचे नुसते कक्ष क्रमांक असतात. रानात जाणाऱ्या बाईला मात्र ठाऊक असतं, वास्ते (बांबूचे कोंब) कुठे फुटतात आणि मे महिन्यात कोणता झरा आटत नाही. बायांच्या या कामाला नुसती 'सेवा' म्हणून मोकळं होऊ नको.

नमुना क, म्हणजे सामूहिक वनसंसाधनाच्या दाव्याचा अर्ज, भरण्याआधी तिच्यासोबत चाल. प्रत्येक जागा जीपीएसवर घे. पुढे तिने सांगितलेलं नाव, ऋतू, कोण गोळा करतं ते लिही. नाव गोंडी असेल तर गोंडीच ठेव. आपण शुद्ध मराठीत 'नाल्याजवळील जागा' लिहितो आणि पडताळणीच्या दिवशी ती कोणालाच सापडत नाही.

औषधाची कृती मात्र लिहू नको, कितीही मोह झाला तरी. दाव्याला जागा पुरते. पारंपरिक ज्ञानावर गावाचा हक्क त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे, पण फायलीत गेलेली गोष्ट परत येत नाही.

एका पुराव्यावर भागत नाही, किमान दोन जोड. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो, पण दावेदाराखेरीज. इथे तर सगळं गावच दावेदार! मग शेजारच्या गावी दिलेल्या वयस्क लेकी गाठ. त्यांना दोन्हीकडचं रान माहीत असतं, आणि हद्दीचा वाद असला तर तोही तिथेच कळतो.

आता ग्रामसभा. गणपूर्तीला निम्मे सभासद लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. २४० प्रौढ असतील तर १२० हजर, त्यात ४० बाया. दाव्याचा ठराव असेल तर निम्मे दावेदारही हवेत. मोहफुलं पहाटे गळतात, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये सकाळची सभा ठेवली की बाया रानात आणि ठराव कच्चा. वेळ त्यांना विचारून ठरव. पोरं कोण सांभाळणार, चहा कोण करणार, हे पुरुषांकडून आदल्या दिवशी कबूल करून घे. नाहीतर चाळीसपैकी दहा जणी चुलीपाशी असतात आणि ठराव वाचून झालेला असतो.

तुझी,
मावशी