बसच्या काचेला कडेपासून तडा जातोय? आधी भट्टीतलं गार होणं तपासा

तुमचा प्रश्न असा की रबाळ्याच्या युनिटमध्ये बनवलेल्या बसच्या पुढच्या काचा ऑटोक्लेव्हमधून (उष्णता आणि दाबानं दोन काचा एकत्र चिकटवणाऱ्या टाकीतून) चांगल्या निघतात, पण गाडीला बसवल्यावर काही दिवसांत खालच्या कोपऱ्यातून तडा निघतो. मग पीव्हीबी (दोन काचांमधली चिकटवणारी प्लास्टिकची फिल्म) बदलायची की ऑटोक्लेव्हचं प्रेशर उतरवायचं? माझं मत विचाराल तर सध्या दोन्हीला हात लावू नका. तडा दर वेळी त्याच कोपऱ्यातून निघतोय, म्हणजे बेंडिंगच्या भट्टीकडे बघायला हवं. तिथे काच वाकते कशी हे सगळे डोळ्यांत तेल घालून बघतात, गार कशी होते हे फारसं कुणी बघत नाही.

नेहमीची सोडा-लाइम काच 600 ते 650 अंशांच्या दरम्यान स्वतःच्या वजनानं वाकून रिंगवर (कडेला आधार देणाऱ्या लोखंडी चौकटीवर) बसते. त्या तापमानाला तिच्यात ताण टिकत नाही. साधारण 550 अंशांपाशी ताण निघून जायला काही मिनिटं लागतात, 510 च्या आसपास त्यालाच काही तास लागतात. त्यामुळे या 40 अंशांच्या टप्प्यात कड आणि मधला भाग यांच्या तापमानात जो फरक असेल, त्याचा ताण काचेत कायमचा बसतो. कड आधी थिजली आणि मधला भाग मागाहून आखडला, तर कड दाबात राहते. अशी कड मजबूत असते. कड गरम राहिली आणि मधला भाग आधी थिजला, तर नंतर आखडू पाहणाऱ्या कडेला मधला भाग अडवून धरतो आणि कड ताणात, म्हणजे ओढीत, जाते. फरकाच्या दर अंशाला ढोबळमानानं 0.6 मेगापास्कल (ताण मोजण्याचं एकक) धरा. 20 अंश म्हणजे 12 मेगापास्कल झाले, आणि ग्राइंडिंगमधली बारीक चीर असलेल्या कडेला एवढा ताण सतत सोसायला लावणं धोक्याचंच आहे. तडा त्याच दिवशी जात नाही, कारण ती चीर हवेतल्या दमटपणानं हळूहळू पुढे सरकते. बस खड्ड्यात आदळली की उरलेलं काम होतं.

आता तुमची रिंग उलटी करून बघा. खालच्या कोपऱ्यांपाशी आधाराचे पाय वेल्ड केलेत का? तिथे लोखंड जास्त, म्हणून उष्णता जास्त वेळ टिकते आणि नेमका तोच कोपरा मागे राहतो. पाय कोपऱ्यापासून लांब हलवा, पट्टी पातळ घ्या, उभी लावा, वर स्टेनलेस स्टीलच्या तारेचं विणलेलं कापड गुंडाळा. काचेची कड रिंगच्या बाहेर काही मिलिमीटर राहू द्या, म्हणजे तिला हवा लागेल. त्यात तुमच्या काचेला कडेनं काळी पट्टी आहे. ती भट्टीतल्या तापवणाऱ्या कॉइलची उष्णता जास्त शोषते, त्यामुळे कड मुळातच मधल्या भागापेक्षा तापलेली असते. कडेजवळच्या कॉइलची उष्णता थोडी आधी कमी करून बघा.

पॅनलवरचा आकडा भट्टीतल्या हवेचा असतो, काचेचा नव्हे. एक रिजेक्ट जोडी घ्या, एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) कोपऱ्याला आणि एक मध्यभागी काचेला चिकटेल असा बसवा आणि पूर्ण सायकल चालवून दोन्ही आकडे मिनिटामिनिटाला लिहून काढा. 550 ते 500 या पट्ट्यात कड मागे दिसली, तर तुमचं उत्तर मिळालं. दोन्ही आकडे 480 च्या खाली गेल्याशिवाय दार उघडायचं नाही. पुढचा लॉट लवकर लावायचा म्हणून ऑपरेटर दार फटीएवढं उघडतात, आणि ती फट मोठी महागात पडते.

तयार काच तपासायलाही फार खर्च नाही. जुना एलसीडी मॉनिटर पूर्ण पांढरा करून उभा ठेवा. त्याचा प्रकाश मुळातच पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणारा, असतो. समोर काच धरा, डोळ्यापुढे पोलरायझर फिल्म आडवी-तिरपी फिरवून मॉनिटर काळा करा. जिथे ताण किंवा दाब आहे तिथे काच उजळ दिसेल. मात्र दोहोंतला फरक नुसत्या उजेडावरून कळत नाही. त्यासाठी मध्ये फुल-वेव्ह प्लेट (ताण आणि दाब वेगळ्या रंगांत दाखवणारी पारदर्शक पट्टी) घाला आणि खात्रीची चांगली काच त्याच दिशेनं धरून रंग ताडून बघा. कडेचा रंग चांगल्या काचेच्या उलट आला, तर तो कोपरा ताणात आहे. कडेवर फुंकणी मारून अतिघाईनं गार करणंही चालत नाही, कारण कडेचा दाब वाढला की तिच्या आतल्या बाजूचा ताणाचा पट्टाही वाढतो आणि तिथे खडी लागली तर काच हमखास जाते.

दोन्ही काचा एकत्र वाकवता ना? मग त्यांच्यावर जोडीचा नंबर टाका आणि लॅमिनेशनपर्यंत, म्हणजे काचा एकमेकींना चिकटेपर्यंत, जोड्या फोडू नका. बाक जुळत नसलेल्या काचा ऑटोक्लेव्हमध्ये 12 बारला चिकटतात खऱ्या, पण त्या जबरदस्तीनं वाकवलेल्या असतात आणि तो ताणही शेवटी कडेवरच येतो.

पीव्हीबीबद्दल एवढंच की आपल्याकडच्या पावसाळ्यात रोल उघडा पडला तर पाणी ओढतो आणि पुढे बुडबुडे येतात किंवा थर सुटतात. तुमच्या काचांत यांतलं काहीच नाही, म्हणून मी पीव्हीबीला दोष देत नाही.

थर्मोकपलचे आकडे आणि रिंगचा खालून काढलेला फोटो इथे टाका. पाय नक्की कुठे हलवायचे ते बघून सांगतो.